क्लबाची किल्ली आणि दोघींचा डबा

आमच्या साखर कारखान्याच्या क्लबात टेलिव्हिजन आला तेव्हा राहात्याच्या आसपास तो दुसऱ्या कुणाकडे नव्हता. कारण साधं होतं, त्यावर काही दिसत नव्हतं. मुंबईचं केंद्र तेव्हा नवंनवं होतं. क्लबाच्या कमिटीने हौसेने संच आणला, पाण्याच्या टाकीवर उंच एरियल लावलं, नारळ फोडला आणि सगळ्या कॉलनीला सतरंजीवर बसवलं. पडद्यावर मुंग्या दिसल्या, पांढऱ्या, काळ्या, लाखो. पुढे एकदा कुणाचा तरी अर्धा चेहरा आला होता म्हणतात, पण तो पाहणारे दोघेच होते आणि चेहरा पुरुषाचा की बाईचा यावर त्यांचं एकमत नव्हतं. शेवटी संचावर भरतकामाचं झाकण घातलं गेलं आणि झाकणावर फुलदाणी आली.

झाकण आमच्या महिला मंडळाने केलं होतं. पण ते घालायला आम्ही क्लबात गेलो नाही. शिपाई आला आणि घेऊन गेला.

क्लब पुरुषांचा होता. संक्रांतीचं हळदीकुंकू आणि गणपती सोडले तर बायकांनी तिथे जायची पद्धत नव्हती. मनाईची पाटी वगैरे कुठे नव्हती, कुणी जात नसे इतकंच. मोठी हवेशीर खोली, दोन पंखे, कॅरम, टेबल टेनिस, भिंतीलगत वेताच्या खुर्च्या. आणि दुपारभर या खोलीला कुलूप. पुरुष पाळी सुटल्यावर, म्हणजे चारचा भोंगा झाल्यावर यायचे. तोपर्यंत पंखे नुसते लटकत असायचे. आमचं मंडळ मात्र ज्या घरी पाहुणे नसतील त्या घराच्या ओट्यावर भरायचं. शिवणयंत्र हातगाडीवरून या ओट्यावरून त्या ओट्यावर जायचं आणि दर खेपेला त्याचा एखादा स्क्रू वाटेत पडायचा.

मी मंडळाची चिटणीस होते. याद्या करायची सवय मला माहेरची आहे. माझे वडील भिंगारला लष्कराच्या गोदामात कारकून होते आणि आमच्या घरी मिठाची बरणीसुद्धा नोंद झाल्याशिवाय फडताळात जात नसे. मंडळाच्या कामांची माझी यादी होती. तिच्यात पहिल्याच ओळीत लिहिलेलं होतं, ‘बसायला खोली’. खालची कामं होत गेली, खोडली गेली, नवी आली. पहिली ओळ तशीच राहिली. क्लबाच्या सेक्रेटरीसाहेबांना दोनदा अर्ज दिला. दोन्ही वेळा उत्तर आलं, विचार करू.

आणि मग ते अमेरिकेचं यंत्र आलं.

आमच्या चीफ केमिस्टसाहेबांच्या पत्नीला आम्ही केमिस्टवहिनी म्हणायचो. पुण्याच्या, शांत, हळू बोलणाऱ्या. त्यांचा भाऊ अमेरिकेत होता. तो सुटीवर आला तो बहिणीसाठी टेलिव्हिजनवर खेळायचा खेळ घेऊन. बहिणीकडे टेलिव्हिजन नाही हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिकडे म्हणे स्वयंपाकघरातसुद्धा असतो. त्याने क्लबात येऊन यंत्र संचाला लावून पाहिलं, कुठली वायर कुठे लावायची ते एका कागदावर लिहून दिलं आणि तो परत गेला. वहिनींनी यंत्र क्लबाला देऊन टाकलं.

तेव्हा हंगाम ऐन भरात होता. उसाच्या बैलगाड्यांची रांग पार फाट्यापर्यंत लागलेली, कारखाना रात्रंदिवस चालू. कमिटीतल्या एकाही माणसाला मान वर करायला फुरसत नव्हती. सेक्रेटरीसाहेब म्हणजे कारखान्याचे चीफ अकाउंटंट. ते सायकलवरून आमच्या फाटकाशी आले, उतरले नाहीत, एक पाय टेकवून म्हणाले, “वहिनी, तुम्ही व्यवस्थित आहात म्हणून सांगतो. ते अमेरिकेचं यंत्र एकदा नीट तपासून बघा. क्लबाने ठेवण्यासारखं आहे की परत करायचं, ते लिहून द्या. सगळे खेळ बघा, घाई नाही. तोवर दुपारी खोलीची किल्ली तुमच्याकडे.”

त्यांनी खिशातून किल्ली काढून फाटकाच्या खांबावर ठेवली आणि गेले. मी ती पदराला बांधली.

जेवताना ह्यांना सांगितलं. हे शेतकी खात्यात होते. कुणाच्या उसाला कधी तोड द्यायची ते ठरवायचे, त्यामुळे कुठल्याही गोष्टीच्या दोन्ही बाजू ऐकायची त्यांना सवय. भाकरी मोडता मोडता म्हणाले, “चांगलं आहे म्हणून लिहिलंस, तर यंत्र क्लबातल्या पुरुषांचं. वाईट आहे म्हणून लिहिलंस, तर परत जाईल. किल्ली दोन्हीकडून जाते तुझी.”

“खरं असेल ते लिहीन,” मी म्हटलं.

“लिही की. फक्त सावकाश लिही.”

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघी गेलो. मी, केमिस्टवहिनी, भाभी आणि आत्याबाई. भाभींचे मालक कारखान्यात पॅनमन होते, म्हणजे रस आटवून साखरेचा दाणा धरायचं काम त्यांच्या हाती. भाभींच्याही हाताला तसाच सबुरीचा गुण होता. आत्याबाई शेजारच्या वस्तीवरच्या. स्वतःची जमीन, स्वतःचा ऊस, कारखान्याचा शेअर स्वतःच्या नावावर. सबंध कॉलनीत त्या कुणाला दबत नसत.

कुलूप काढलं. फुलदाणी खाली ठेवली, झाकण काढलं, घडी घातली. एका खोक्यात पांढराकाळा मोठा डबा, त्याला वायरींनी जोडलेले दोन लहान डबे, पत्त्यांसारखी कार्डं, फासे आणि रंगीत पारदर्शक कागदांचा गठ्ठा. मी एकेक वस्तू काढून यादीत लिहिली. वहिनींनी भावाचा कागद वाचत वायरी लावल्या, मोठ्या डब्यात सेल घातले. संच सुरू केला. पडद्यावर काहीतरी पांढरं खालून वर धावायला लागलं, थांबेना. भाभी संचाच्या मागे गेल्या, तिथलं एक बटण हळूहळू फिरवू लागल्या.

“थांबलं?”

“नाही.”

“आता?”

“हळू झालं.”

“मग येतंय. दाना बसतोय,” भाभी मागून म्हणाल्या, आणि चित्र थबकलं.

काळ्या पडद्यावर मधोमध एक उभी पांढरी रेघ. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक पांढरा चौकोन. बस. ना आवाज, ना रंग. पण जिथे इतके दिवस मुंग्यांशिवाय काही नव्हतं तिथे तीन गोष्टी अगदी स्थिर उभ्या होत्या. आम्ही चौघी बघत राहिलो. मग आत्याबाईंनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “बरं. हे करतंय काय?”

लहान डबा हातात घेतला. साधारण पोळपाटाएवढा. त्याच्या उजव्या अंगाला फिरवायचं एक बटण, रेडिओला असतं तसं. डाव्या अंगालाही बटण, आणि त्याच्याच टोकाला आणखी एक छोटं. उजवं फिरवलं की पडद्यावरचा चौकोन वर-खाली जाई. डावं फिरवलं की पुढे-मागे. डब्यावरची कळ दाबली की एक पांढरा ठिपका, म्हणजे चेंडू, सुटे आणि छोट्या बटणाने त्याला बाक येई. कसं खेळायचं ते सांगणारं पुस्तक भावाच्या सामानात पुण्यालाच राहिलं होतं. मी डबा पुढून पाहिला, मागून पाहिला आणि निष्कर्ष काढला. दोन बाजूंना दोन मुठी, म्हणजे हे दोघींनी चालवायचं.

“जात्यासारखं,” आत्याबाई म्हणाल्या.

यात कुणाला शंका घ्यावीशीसुद्धा वाटली नाही. जात्यावर दोघी समोरासमोर बसतात, खुंट्याला दोघींचा हात असतो, एकीने ओढायचं, दुसरीने द्यायचं. आम्ही पाट आणला, त्यावर डबा ठेवला आणि दोन बाजूंनी दोघी मांडी घालून बसलो, माना तेवढ्या पडद्याकडे वळवून. पलीकडच्या पाटावर दुसऱ्या दोघी. वर-खाली करणारीला आम्ही उभी म्हणायला लागलो, पुढे-मागे करणारीला आडवी. चेंडूला बाक द्यायचं काम आडवीकडे जास्तीचं.

पहिल्या दुपारी एकीलाही चेंडू लागला नाही. मी उभी होते, आत्याबाई आडव्या. चेंडू वरून यायचा तेव्हा आमचा चौकोन खाली असायचा. मी घाईने वर नेला की आत्याबाईंनी तो रेघेच्या पार पलीकडे, दुसऱ्यांच्या अंगणात नेऊन ठेवलेला असायचा.

“आत्याबाई, आपल्या बाजूला राहायचं.”

“तकडं मोकळं हाय म्हनून गेले.”

समोर वहिनी आणि भाभींची वेगळीच अडचण. वहिनी फार सभ्य. चेंडू येताना दिसला की त्या म्हणायच्या, “भाभी, तुम्हाला जमणार असेल तर जरा खालच्या बाजूला...” एवढं होईतो चेंडू केव्हाच निघून गेलेला असायचा. चार-पाचदा असं झाल्यावर आत्याबाईंनी आमच्या डब्यावरचा हात काढला आणि न्याय दिला.

“बाई, चेंडू काय तुमची वाट बगत उबा राहत न्हाई. डब्यावर मान न्हाई. वर म्हंजे वर, खाली म्हंजे खाली. अहो-जाहो दाराभाईर चपलांपाशी ठिवायची.”

मी ते लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली. नियम पहिला, डब्यावर मान नाही.

वहिनींना जड गेलं. त्या नोकराला अहो म्हणणाऱ्या. पहिल्यांदा “भाभी, खाली ये” म्हणाल्या तेव्हा स्वतःच तोंडावर हात ठेवून इतक्या हसल्या की डबा पाटावरून घसरला. पण चेंडू लागला. पांढरा ठिपका रेघ ओलांडून आमच्याकडे आला, आम्ही तो परत पाठवला, त्यांनी पुन्हा. चार वेळा इकडून तिकडे गेला असेल. एवढ्यावरच आम्ही चौघी अशा काही हसायला लागलो की बाहेरून जाणारी दूधवाली खिडकीत येऊन थांबली. तिला वाटलं, आत कुणाला काही झालं.

मग मात्र दुपारी जेवणं आटोपली की सगळ्या कॉलनीच्या चपला क्लबाच्या पायरीवर दिसायला लागल्या. सेक्रेटरीसाहेबांनी सगळे खेळ बघा म्हटलं होतं, आणि मी सांगितलेलं काम अर्धवट करत नाही. ते पारदर्शक रंगीत कागद पडद्यावर नुसते टेकवले की चिकटत, थंडीत नायलॉनची साडी पायाला चिकटते तसे. प्रत्येक कागदाचा वेगळा खेळ. एका कागदावर बर्फाचा उतार आणि त्यातून वळणावळणाची वाट होती. चौकोन वाटेवरून न चुकता खाली आणायचा. बर्फ आमच्यापैकी कुणी पाहिलेला नव्हता. आम्ही त्याला चंदनापुरीचा घाट म्हणालो आणि चौकोनाला एसटी. उभी आणि आडवी दोघी मिळून ती गाडी वळणं घेत उतरवायच्या, भाभी मागे उभ्या राहून कंडक्टर व्हायच्या. “हां, जाऊ द्या, जाऊ द्या. थांब. म्हातारी उतरतेय. डबल.” गाडी दरीत गेली की सगळ्या प्रवासी एकदम ओरडायच्या. एका कागदावर भुताचं घर होतं, त्यात शिरताना नव्या सुना एकमेकींना धरून बसायच्या. एकावर अमेरिकेचा नकाशा. तो खेळ आम्हाला कळला नाही. पण त्या कागदाचा निळा रंग छान होता म्हणून आम्ही तो लावून चेंडूच खेळलो. एक जुगाराचा होता. तो मी गठ्ठ्याच्या तळाशी घातला आणि वहीत लिहिलं, ‘पाहिला. नको.’

यंत्रातला सगळ्यात मोठा दोष म्हणजे त्याला मोजता येत नव्हतं. चेंडू कुणाचा चुकला, किती चुकले, याचं त्याला काही नाही. मग दोन वाट्या ठेवल्या. ज्या जोडीचा गुण, तिच्या वाटीत एक हरभरा. आत्याबाई बोलता बोलता हरभरे खातात हे लक्षात आल्यावर हरभऱ्यांच्या जागी चिंचोके आणले.

माझ्या चाचण्या चालूच होत्या. हातभर बांगड्या घालून खेळता येतं का? येतं, आवाजाने उलट ताल सापडतो. मांडीवर मूल घेऊन? आडवीला येतं, उभीला नाही. न हसता? ही चाचणी तीनदा घेतली आणि सोडून दिली. सासू-सून एका डब्यावर चालतील का? याबद्दल मी साशंक होते आणि सुरुवातीला तशी जोडी लावत नव्हते. पण कॉलनीतल्या एका घरात दिवाळीच्या फराळावरून सासूसुनेचा अबोला होता. त्या दोघी एकदा उशिरा आल्या आणि एकच डबा रिकामा राहिला. बसल्या. चेंडू येताना दिसल्यावर सून बोलेना, सासू बोलेना. तीन चिंचोके गेले. चौथ्याला सुनेच्या तोंडून निघालं, “वर ना.” सासूने वर नेलं. मग त्या दोघी जिंकायला लागल्या तशा उठेचनात, भांडी घासायला बाई येऊन गेली असेल तरी. मी वहीत ‘चालतील’ असं लिहिलं.

अशा गडबडीत एक दिवस चारचा भोंगा झाला आणि आम्हाला तो ऐकूच आला नाही. खरं तर तो भोंगा राहात्याच्या बाजारात ऐकू जातो. पण आमची अंतिम फेरी होती, मी आणि आत्याबाई एका डब्यावर, वहिनी आणि भाभी दुसऱ्या. दोन्ही वाट्यांत सारखे चिंचोके. वहिनी गुडघ्यांवर उभ्या राहून ओरडत होत्या, “खाली, भाभी, खाली, अगं खाली मर,” आणि दारात सेक्रेटरीसाहेब उभे. त्यांच्या मागे पाळी सुटून आलेले पाच-सहा जण आणि त्यांच्यात वहिनींचे केमिस्टसाहेब.

वहिनी तशाच गुडघ्यांवर खिळल्या. चेंडू निघून गेला.

“तुमचा अहवाल,” सेक्रेटरीसाहेब माझ्याकडे बघत म्हणाले, “बराच सविस्तर होणार असं दिसतंय.”

“शेवटच्या टप्प्यात आहे,” मी म्हटलं.

“मग रविवारी कमिटीसमोर दाखवा, त्याच वेळी लेखी द्या. आणि किल्लीही तेव्हाच घेतो.”

त्या आठवड्यात चपला पायरीवर जास्तच दिसल्या. कुणी तसं बोललं नाही, पण ज्यांची पाळी आली नव्हती त्यांना ती हवी होती. शिवणयंत्र आम्ही नुकतंच खोलीच्या कोपऱ्यात आणून ठेवलं होतं, पंख्याखाली. मी अहवाल लिहिला. खेळ चांगला आहे, असं लिहिलं. भाषा यावी लागत नाही, आवाज नाही, वीज थोडी लागते, सेल बरेच लागतात, मोजणी आपली आपण करावी. लिहून झाल्यावर ह्यांना वाचून दाखवला.

“फारच चांगला लिहिलास,” हे म्हणाले. “गेली किल्ली.”

“खोटं काय लिहू?”

“नको लिहूस,” म्हणाले, आणि थोड्या वेळाने, “मी येऊ का रविवारी?”

“या की. तुमचाच क्लब आहे.”

रविवारी वेताच्या खुर्च्यांवर पुरुष बसले, भिंतीशी आम्ही. पाट मांडलेले, वाट्या ठेवलेल्या, राहात्याचे पेरू मीठ-तिखट लावून एका ताटात. भाभींनी चित्र स्थिर केलं. मी अहवाल वाचला. सेक्रेटरीसाहेबांनी मान डोलावली, खुर्चीवरून उठले, पाटावरचा डबा उचलला, परत खुर्चीत बसले, मांडीवर डबा ठेवला आणि दोन्ही हातांनी दोन्ही बटणं धरली.

“साहेब, दुसरं कोण?” मी विचारलं.

“दुसरं म्हणजे?”

“डब्यावर.”

केमिस्टसाहेब खाकरले. “माझा मेहुणा म्हणाला होता की डबा एकाचा असतो. तिकडे तो एकटाच खेळतो.”

सगळ्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं. मी डब्याकडे पाहिलं. डावा हात डावीकडे, उजवा उजवीकडे. अगदी सरळ होतं ते. इतक्या दुपारी, इतक्या बायका, आणि एकीलाही सुचलं नव्हतं.

आत्याबाईंनी पेरूची फोड खाली ठेवली. “एकटाच? तकडं घरात कुनी न्हाई का त्याला?”

आधी भाभी हसल्या, मग ह्यांना हसू आवरेना, मग सगळेच. सेक्रेटरीसाहेब मात्र हसले नाहीत. “म्हणजे तुम्ही हे सबंध चुकीच्या पद्धतीने तपासलंत. मग अहवाल कशाचा धरायचा?” आणि त्यांनी हात पुढे केला, किल्लीसाठी.

मी पदराच्या गाठीला हात लावला, पण गाठ सोडली नाही. “दोन्ही पद्धती तपासू,” मी म्हटलं. “तुम्ही एकेकटे खेळा, आम्ही जोडीने. त्याशिवाय अहवाल पुरा होत नाही.”

काम पुरं करण्याच्या मुद्द्यावर अकाउंटंट माणूस नाही म्हणू शकत नाही. ते खेळले. त्यांच्यासमोर मी आणि आत्याबाई. चौकोन वर न्यायचा असला की त्यांचा डावाच हात फिरायचा आणि चौकोन पुढे जायचा, उजवा फिरायचा तो उलट. चौकोन पडद्यावर पिसाळल्यासारखा भिरभिरला. आमची वाटी भरत गेली, त्यांच्या वाटीत एक चिंचोका पडला, तोही आत्याबाईंना शिंक आली म्हणून. त्यांच्यानंतर केमिस्टसाहेब बसले, त्यांचेही तेच हाल. मग सेक्रेटरीसाहेब म्हणाले, “ठीक आहे. आम्हीही जोडीने बसू.”

दोन मोठे साहेब पाटावर समोरासमोर मांडी घालून बसले. सेक्रेटरीसाहेब उभे, केमिस्टसाहेब आडवे.

“जरा वर घेता का?” केमिस्टसाहेब म्हणाले.

“घेतोय. तुम्ही पुढे या ना.”

“पुढे येऊन काय करू, चेंडू वर आहे.”

“तुमचं नेहमीचंच आहे. साखरेचा उतारा कमी आला की दोष आमच्या हिशोबाचा.”

“तुम्हाला सगळं खालीच आणायची सवय. खर्च म्हणू नका, चौकोन म्हणू नका.”

“गेला,” भाभींनी सांगितलं आणि आमच्या वाटीत चिंचोका टाकला.

मग इतर पुरुषांनी हौस भागवली. ते तर बघण्यासारखं होतं. एका डब्यावर इंजिनिअरसाहेब आणि त्यांच्याच हाताखालचा फोरमन बसले. चेंडू सुटला. फोरमन म्हणाला, “साहेब, आपली हरकत नसेल तर... थोडं डावीकडे घेतलंत तर बरं...” चेंडू गेला. पुढचा आला. “साहेब, मघासारखंच, फक्त...” तोही गेला. साहेबांनी विचारलं, “अरे, मग स्पष्ट बोलत का नाहीस?” फोरमनने मान खाली घातली. आमचे हेही बसले, टाइमकीपरबरोबर. ह्यांनी आधी त्याची बाजू ऐकून घेतली, मग आपली मांडली, तोवर आमच्या वाटीत तीन चिंचोके पडले होते.

आत्याबाईंना राहवलं नाही. “डब्यावर मान न्हाई. त्याला ए म्हना, त्यानं तुमाला ए म्हनू द्या.”

पुरुषांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणीच पुढे झालं नाही.

सेक्रेटरीसाहेब पाटावरून उठले, धोतराची निरी झटकली. विचार केला की नाक चोळायची त्यांना सवय होती. नाक चोळत म्हणाले, “वहिनी, यंत्र चांगलं आहे, तुमचं खरं. पण आमच्यात हे चालायचं नाही. उद्या पाळीवर आम्हाला एकमेकांची तोंडं बघायची आहेत. एकेकट्याने खेळायचं तर तुमच्या हातून हरायचं. क्लबाला हे नको.” थोडं थांबून म्हणाले, “परत तरी कसं करणार, यांचे मेहुणे गेले अमेरिकेला. मंडळच घेऊन जा ते. खुशाल खेळा.”

“कुठे नेऊ?” मी म्हटलं.

“म्हणजे?”

“हे टेलिव्हिजनशिवाय चालत नाही. आणि टेलिव्हिजन इथे आहे.”

त्यांनी संचाकडे पाहिलं. फुलदाणी खाली, झाकण घडी घालून बाजूला, टाकीवरचं एरियल अजून मुंबईकडे तोंड करून. मग त्यांनी कोपऱ्यातल्या शिवणयंत्राकडे पाहिलं. ते त्यांना तेव्हाच दिसलं असावं. खुर्चीवर बसलेल्या ह्यांनी पेरू खायचा थांबवला होता.

“दुपारी,” सेक्रेटरीसाहेब शेवटी म्हणाले. “चारच्या भोंग्यापर्यंत. आणि भोंगा ऐकू आला पाहिजे.”

“येईल,” मी म्हटलं. भाभींनी मागच्या मागे माझा दंड इतका जोरात दाबला की दोन दिवस खूण होती. घरी आल्यावर मी यादी काढली आणि पहिली ओळ खोडली. एवढ्या वर्षांची ओळ, खोडताना कागद फाटला.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी आम्ही खेळत होतो आणि दारात केमिस्टसाहेब आले. त्यांची रात्रपाळी होती, झोप झालेली दिसत नव्हती. चपला दाराबाहेर काढल्या. उंबऱ्यावरच उभे राहून म्हणाले, “मी विचारायला आलोय. म्हणजे, मंडळाची हरकत नसेल, तर आम्हा दोघांना एका डब्यावर... ही आणि मी...”

वहिनी लाजून चिंचोके मोजायला लागल्या.

मी वही मिटली. “विचार करू,” मी म्हटलं.

पण आत्याबाई आमच्या डब्यावरून उठून पाट त्यांच्याकडे सरकवत होत्या. “बसा, साहेब. तकडच्या अंगाला. नियम ठावं हाय ना?”

ते बसले. वहिनी समोर बसल्या. लग्नाला एवढी वर्षं झालेली, आणि अहो खेरीज दुसऱ्या कशाने त्यांनी नवऱ्याला हाक मारलेली आम्ही कुणी ऐकली नव्हती. भाभींनी चेंडू सोडला. तो तिरका, वरच्या कोपऱ्याकडे चालला. वहिनींचे ओठ हलले, थांबले, चेंडू रेघेवर आला, आणि मग खिडकीतल्या दूधवालीलाही ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, “ए, वर ने की रे.”

साहेबांनी वर नेला.